‘चांदी’ आणि ‘पारा’ : दंतपूरणातील एका संज्ञेची चिकित्सा

किडलेल्या दाताची पोकळी कोरून स्वच्छ केल्यावर तीत जो करडा, धातुमय पदार्थ दाबून बसविला जातो, त्यास मराठी व्यवहारात ‘चांदी’ म्हणतात. ‘दाढेत चांदी भरली’ हे वाक्य दंतवैद्य व रुग्ण दोघेही निःशंकपणे उच्चारतात. वस्तुतः या पदार्थाच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग पारा असतो. उरलेल्या अर्ध्यात चांदी, कथील, तांबे आणि क्वचित् जस्त यांच्या मिश्रधातूची भुकटी असते. ज्या घटकाचे नाव पदार्थाला मिळाले तो फार तर एक-तृतीयांशाच्या आसपास, आणि जो सर्वांत मोठा त्याचा नावात मागमूसही नाही.

हे लक्षणेचे साधे उदाहरण म्हणून सोडून देता येत नाही. मराठी मनात चांदीचा संबंध उष्टावणाच्या वाटीशी आहे, लाभाशी आहे. ‘चांदी झाली’ म्हणजे फायदाच झाला. पारा मात्र चढतो आणि उतरतो तो रागाच्या संदर्भात. नावाची निवड येथे तटस्थ राहिलेली नाही.

हा प्रकार मराठीपुरता नाही. १८३३ साली क्रॉकूर बंधूंनी हे मिश्रण न्यूयॉर्कला नेले ते ‘रॉयल मिनरल सक्सिडेनियम’ या भारदस्त नावाने. त्यातील अखेरचा शब्द लॅटिन. अर्थ एवढाच की ‘पर्यायी वस्तू’. पर्याय कशाला, तर सोन्याच्या वर्खाला. पाऱ्याचा उच्चार तेथेही नाही. सोन्यावर हात बसलेल्या दंतवैद्यांनी याविरुद्ध काहूर उठविले. १८४० साली स्थापन झालेल्या अमेरिकन सोसायटी ऑफ डेंटल सर्जन्स या संस्थेने हे मिश्रण न वापरण्याची प्रतिज्ञा सभासदांकडून लिहून घेतली. १८५० साली ती मागे घ्यावी लागली आणि १८५६ मध्ये संस्थाच संपुष्टात आली. भोंदू वैद्यास इंग्रजीत ‘क्वॅक’ म्हणतात तो शब्द पाऱ्याच्या ‘क्वेकसिल्बर’ या जर्मन नावावरून आला, अशी व्युत्पत्ती या वादाच्या अनुषंगाने आजही सांगितली जाते. ती लोकव्युत्पत्ती होय. मूळ शब्द डच ‘क्वाकझाल्व्हर’, म्हणजे बढाया मारीत मलमे विकणारा.

विरोधकांचा ‘पाऱ्याचे पूरण’ हा शब्दप्रयोगही तितकाच एकांगी आहे. घोटल्यानंतर पारा चांदी-कथिलाशी संयोग पावून घन रूप धारण करतो. दातात तो थर्मामीटरमधल्याप्रमाणे मोकळा नसतो. समर्थक यावर मिठाचा दृष्टांत देतात : क्लोरीन विषारी असला तरी मीठ कोणी विष मानीत नाही. दृष्टांत चटकदार आहे, पण सदोष आहे. मिठातून क्लोरीन वायू बाहेर पडत नाही. या पूरणातून मात्र चावताना, दात खाताना अल्प प्रमाणात पाऱ्याची वाफ निघते, हे मोजून सिद्ध झाले आहे. ती किती आणि कोणास बाधक, हा खरा प्रश्न. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, मुलांवरील दोन मोठ्या चाचण्यांत (एक न्यू इंग्लंडमधील, दुसरी लिस्बनमधील) बुद्धी वा मज्जासंस्था यांवर अपाय आढळला नाही. तथापि २०२० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भवती, स्तनदा माता, लहान मुले आणि मूत्रपिंडाचे विकार असलेले यांच्यासाठी शक्यतो अन्य द्रव्य वापरण्याचा सल्ला दिला. त्याच सल्ल्यात असेही आहे की सुस्थितीतील पूरण केवळ भयापोटी काढू नये, कारण ते कोरतानाच वाफ अधिक सुटते.

येथे संज्ञेचा प्रश्न चिकित्सेचा प्रश्न होतो. ‘चांदी’ ऐकणाऱ्या गर्भवतीला विचारण्याजोगे काही सुचत नाही. ‘पारा’ ऐकणारा प्रौढ धडधाकट पूरण उपटून घेण्यास निघतो. दोघांची संमती अपुऱ्या शब्दावर उभी आहे.

‘पारदमेल’ हा संस्कृतनिष्ठ प्रतिशब्द अर्थदृष्ट्या निर्दोष आहे. प्रधान घटक त्यात आरंभीच येतो आणि ‘मेल’ या पदाने संयोगही सूचित होतो. परंतु दंतवैद्याच्या खुर्चीत तो कोणास समजणार? मूळ ग्रीक ‘मालाग्मा’ म्हणजे मऊ लेप. ‘अमाल्गम’ या शब्दात त्याचा अवशेष असला तरी मराठी रुग्णाला त्यातून काहीच बोध होत नाही. त्यापेक्षा ‘चांदी-पारा’ हा सरळ द्वंद्व समास अधिक उपयुक्त ठरावा. ‘मीठभाकर’ म्हणताना दोन्ही पदे जशी सारख्याच मानाने उभी राहतात, तशी येथेही राहतात. शिवाय रूढ ‘चांदी’ न मोडता वगळलेले पद तिला जोडले जाते.

युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, वैद्यकीय गरजेचा अपवाद ठेवून, हे द्रव्य बंद केले. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराची कारणे मुख्यतः पर्यावरणाची. २०१८ पासून भारतही त्यात सहभागी आहे. वापर थांबला तरी भरलेल्या दाढा पुढे कित्येक वर्षे तोंडात राहतील, आणि त्या दुरुस्त करताना दंतवैद्याला रुग्णाशी याच पदार्थाविषयी बोलावे लागेल.