रामकिंकर बैज यांचें समग्र प्रदर्शन

एखाद्या कलावंताच्या साऱ्या कृति त्याच्या पश्चात् एका छपराखालीं मांडून पाहाव्या, ही इच्छा स्तुत्य खरी; पण तिच्या पोटांत एक गृहीत दडलेलें असतें. तें हें कीं, कलाकृति ही उचलून नेतां येण्याजोगी वस्तु आहे. रामकिंकर बैज यांच्या बाबतींत हें गृहीतच लटकें पडतें. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयानें २०१२ सालीं भरविलेल्या त्यांच्या समग्र प्रदर्शनाचें मोल करतांना ही अडचण रसिकांनीं प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे.

बांकुड्याच्या एका नापित कुटुंबांत १९०६ सालीं जन्मलेले रामकिंकर १९२५ मध्यें शांतिनिकेतनास आले, नंदलाल बसूंच्या हाताखालीं कलाभवनांत शिकले आणि तेथेंच रमले. त्यांचें 'सांताळ कुटुंब' १९३८ चें. पुतळा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें येतो उंच चौथरा, ब्राँझ आणि कोणा थोर पुरुषाचें नांव. करमरकरांचा पुण्यांतील अश्वारूढ शिवाजी १९२८ चा. त्याची भव्यता कोण नाकारील? पण त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनीं रामकिंकरांनीं जें घडविलें तें निराळ्याच जातीचें होतें. खांद्यावर कावड घेतलेला पुरुष, कावडींतल्या टोपलींत बसलेलें मूल, कडेवर दुसरें मूल आणि माथ्यावर ओझें घेऊन चाललेली बाई, बरोबर कुत्रा! नांव कोणाचेंच नाहीं. आणि साहित्य काय? तर सिमेंट व त्या भागांतील तांबडी मुरमाड खडी. साहित्य स्वस्त होतें हें उघडच आहे. पण त्या स्वस्ताईंतून त्यांनीं एक नवी भाषा काढली. सांगाड्यावर मूठमूठ मिश्रण मारून थापलेल्या या देहांना जी खरखरीत त्वचा आली आहे ती त्या माळाचीच आहे. १९५६ च्या 'गिरणीची हांक' या शिल्पांत भोंगा ऐकून धांवणाऱ्या बायकांचीं वस्त्रें वाऱ्यावर फडफडतात. सिमेंटकडून एवढा वेग वदवून घेणारा शिल्पकार आपल्याकडे दुसरा आम्हांस आठवत नाहीं.

हीं शिल्पें शांतिनिकेतनच्या झाडांखालून हलणार कशीं? १९३५ ची 'सुजाता' तर त्या उंच, सडपातळ झाडांमधलें एक झाड होऊन उभी आहे. झाडें वगळलीं कीं सुजाता निम्मी राहिली. प्रदर्शनाचे योजक, रामकिंकरांचे शिष्य व स्वतः शिल्पकार असलेले के. एस्. राधाकृष्णन् यांना हें ठाऊक नसेल असें नाहीं. संग्रहालयाला खरी संधि होती ती छोट्या कामांची, आणि तिचें चीज झालें असें आमचें मत आहे. शेंकडों रेखाटनें, जलरंग, तैलचित्रें व लहान शिल्पें शेजारीं शेजारीं आलीं, तेव्हां चित्रकार रामकिंकर आणि शिल्पकार रामकिंकर असे दोन मानण्याची संवय आपोआप सुटते. जलरंगांत कुंचल्याचा एकच झपाटा जें काम करतो, तेंच शिल्पांत सिमेंटची मूठ करते. दोन्हींकडे घाई आहे, पण उतावीळपणा नाहीं.

ब्राँझविषयीं मात्र आमची तक्रार आहे. प्लास्टर वा सिमेंटमधील त्यांच्या कित्येक लहान शिल्पांचें पुढें ब्राँझमध्यें ओतकाम झालें. तीं टिकलीं हा लाभ मोठा. पण बोटांचे ठसे तेच असूनहि अंगावर धातूची झिलई आली कीं खडीचा तो कोरडा बोल ऐकूं येत नाहींसा होतो. मूळ कृति व तिचें ओतकाम यांतील हें अंतर प्रेक्षकाला ठळकपणें सांगितलें गेलेंच पाहिजे.

टिकण्याची चिंता स्वतः रामकिंकरांना फारशी नव्हती. पावसांत घराचें छप्पर गळूं लागलें कीं ते आपलीं तैलचित्रें गवताखालीं सरकवीत. आज असल्याच चित्रांवर प्रकाश किती पडावा याचें मोजमाप होतें! या दोन टोकांमध्यें कोणाची बाजू घ्यावी? भिंतीवरच्या चित्रापुरतें बोलायचें तर आम्ही संग्रहालयाच्या बाजूचे.

दिल्लीकरांना एक सोय अनायासें लाभली आहे. रिझर्व बँकेच्या दारांतले यक्ष-यक्षी याच हातांचे आहेत. मथुरा-संग्रहालयांतील परखमच्या यक्षाचा आणि कलकत्त्याच्या संग्रहालयांतील बेसनगरच्या यक्षीचा आदर्श पुढें ठेवून रामकिंकरांनीं ते प्रचंड पाषाण घडविले, आणि यक्षीच्या नग्नतेवरून पुढें राज्यसभेंतहि प्रश्न निघाला. या जोडीसाठीं केलेले वीतभर नमुने संग्रहालयांत पाहावे, आणि मग संसद मार्गावर जाऊन मान वर करावी.