वागणं बदललं, पुढे काय?

शाळेत हात धुण्याबद्दलचं प्रशिक्षण झालं, की त्यापाठोपाठ एक तक्ता येतो. किती शिक्षक हजर होते, किती शाळांपर्यंत पोहोचलात, साबणाच्या किती वड्या वाटल्या, किती भित्तिपत्रकं लावली. काही वर्षांपूर्वी असा एक तक्ता मी स्वतः भरला. एकही रकाना मोकळा नव्हता आणि आकडे सगळे खरे होते. त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेजवळ उभा होतो. नळापाशी साबण होता, पण कोरडा ठणठणीत. ही गोष्ट लिहायला तक्त्यात जागा नव्हती, आणि मीही ती कुठे लिहिली नाही.

अशा गोष्टीला जागा करून देणारं एक पुस्तक आहे. नाव ‘आउटकम मॅपिंग’. सारा अर्ल, फ्रेड कार्डन आणि टेरी स्मुटिलो या तिघांनी ते लिहिलं आणि कॅनडातल्या ऑटावा इथल्या आंतरराष्ट्रीय विकास संशोधन केंद्रानं (आयडीआरसी) २००१ साली प्रसिद्ध केलं. विकासाचे कार्यक्रम आखताना, चालवताना आणि तपासताना माणसांच्या वागण्यातला बदल हाच केंद्रस्थानी धरायचा, ही त्यातली मुख्य कल्पना. तेव्हापासून अनेक देशांतल्या स्वयंसेवी संस्थांनी ती उचलली आहे. आपल्याकडेही तिची चाचणी पूर्वीच झाली होती. नागालँडमध्ये झूम शेतीत उपयोगी झाडं लावण्याचा ‘नेपेड’ हा प्रकल्प चालला होता. या पद्धतीच्या सुरुवातीच्या प्रयोगांत पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलच्या एका संस्थेबरोबर नेपेडही होता.

या पुस्तकाची गरज का पडली हे कळायला त्याच्या आधीचा तक्ता पाहायला हवा. १९६९ साली अमेरिकेच्या ‘यूएसएड’ या परदेशी मदत देणाऱ्या सरकारी संस्थेसाठी ‘लॉजिकल फ्रेमवर्क’ तयार झालं. चार ओळी, चार रकाने. काय पुरवलं, त्यातून काय तयार झालं, त्यानं कोणता हेतू साधला आणि शेवटी कोणतं मोठं उद्दिष्ट गाठलं, अशी एकाखाली एक पायरी. पुढे जगभरच्या देणगीदारांनी हाच साचा पकडला. आपल्या उदाहरणात सांगायचं तर, साबण वाटले, मुलांनी हात धुतले, जुलाब कमी झाले, हजेरी वाढली. कागदावर साखळी छान दिसते.

अर्ल आणि त्यांचे सहकारी इथेच बोट ठेवतात. हजेरी वाढली ती साबणामुळे, की त्या वर्षी गावात नळाचं पाणी आलं म्हणून? की नव्या आरोग्यसेविका मन लावून काम करणाऱ्या निघाल्या म्हणून? की सुगी बरी झाली आणि मुलांना मजुरीला जावं लागलं नाही म्हणून? साखळीच्या टोकाला जावं तसे दुसऱ्यांचे हात वाढत जातात, आणि नेमक्या त्याच टोकाचं श्रेय प्रकल्प स्वतःकडे घेऊ पाहतो. लेखकांचं म्हणणं असं, की श्रेय मागू नका, हातभार काय लागला ते दाखवा. त्यासाठी ते तीन वर्तुळं काढतात. आतलं वर्तुळ आपल्या ताब्यातलं, म्हणजे आपले पैसे, आपली माणसं, आपलं प्रशिक्षण. मधलं वर्तुळ ज्यांच्याशी आपला थेट संबंध येतो त्यांचं. तिथे आपला प्रभाव पडू शकतो, हुकूम चालत नाही. बाहेरचं वर्तुळ आपल्याला ज्याची आस्था आहे पण जिथे आपला हात पोहोचत नाही त्याचं. मोजायचं ते मधल्या वर्तुळात. आपण ज्यांच्याबरोबर काम केलं ते आता वेगळं काय करतात?

शिक्षकाला हे पटायला वेळ लागत नाही. आपला विद्यार्थी पुढे कोण होईल याचं श्रेय आपण घेऊ शकत नाही. पण तो वर्गात प्रश्न विचारायला लागला का, हे आपण पाहू शकतो आणि रोज पाहतोच. सरकारी अनुदानातून बांधलेल्या शौचालयात सरपण रचलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांनाही बांधकाम मोजणं आणि वापर मोजणं यांतला फरक वेगळा सांगायला नको. इथवर पुस्तकाचं देणं मोठं आहे, आणि ते सोप्या इंग्रजीत, बडेजाव न करता दिलेलं आहे.

माझी अडचण सुरू होते ती प्रगतीच्या खुणांपासून. प्रत्येक भागीदारासाठी अशा खुणांची एक शिडी करायची असते. खालच्या पायऱ्यांवर ‘एवढं तर दिसायलाच हवं’, मधे ‘हे दिसलं तर बरं’, वर ‘हे दिसलं तर फारच आनंद’. पुस्तकातलं नमुन्याचं उदाहरण जंगलाच्या व्यवस्थापनाचं आहे. स्थानिक लोक बैठकांना येतात, नवी कौशल्यं शिकतात, आपल्या वाट्याची माणसं आणि पैसा देतात, या खालच्या पायऱ्या. वर जाता जाता ते नियोजनात पुढाकार घेतात आणि आपला अनुभव इतर समाजांना, देशाबाहेरही, सांगू लागतात.

आता जरा त्या गावकऱ्यांच्या जागी बसून ही शिडी पाहा. शिडी वर जाते ती प्रकल्पाच्या दिशेनं. सर्वांत वरच्या पायरीवर गावकरी प्रकल्पाच्याच कल्पनेचे प्रचारक झालेले आहेत. समजा, गावानं चार बैठका घेतल्या, नीट विचार केला आणि ठरवलं, की ही योजना आपल्या उपयोगाची नाही. हेही वागण्यातला बदलच आहे. विचार करून, एकत्र येऊन, ताठ मानेनं दिलेला नकार. त्याला या शिडीवर पायरीच नाही. तो ‘प्रगती कमी’ या खुणेखाली जाणार. भागीदारांना बरोबर घेऊन शिडी करा असं पुस्तक सांगतं, हे खरं. पण पैसा ज्याच्या हातात आहे त्याच्यासमोर बसून ‘आम्ही नाही म्हटलं तर तीही प्रगती समजा’ असं कोण म्हणणार? लोकांच्या सहभागावर एवढा भर देणाऱ्या पुस्तकाला हा प्रश्न पडत नाही, याचं मला नवल वाटतं.

दुसरी अडचण पुराव्याची. बदलाची नोंद एका रोजनिशीत करायची. प्रत्येक खुणेपुढे कमी, मध्यम, जास्त अशी श्रेणी द्यायची आणि वर्णन लिहायचं. लिहिणार कोण? प्रकल्पाची माणसं आणि त्यांचे भागीदार. लेखक पुराव्याचा आधार नोंदवायला सांगतात, पण तो आधार बहुधा कुणाच्या तरी सांगण्यावर किंवा पाहण्यावर येऊन थांबतो. सांगणं सोडाच, पाहणंसुद्धा वागणं बदलवतं. याचा एक देखणा प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. बांगलादेशातल्या खेड्यांत संशोधकांनी साबणाच्या वडीच्या पोटात हालचाल टिपणारा छोटा संवेदक बसवला. वडी उचलली, फिरवली, की नोंद होणार. निरीक्षक घरात बसलेला असताना साबणाची हालचाल आधीच्या दिवसांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त भरली. घरचे लोक खोटारडे होते असं नाही. पाहुणा आला की आपणही घर आवरतोच. (शाळा तपासणीच्या दिवशीचा आपला वर्ग आठवावा.) म्हणजे रोजनिशीतली ‘जास्त’ ही श्रेणी वागण्याची किती आणि पाहुण्याची किती, हे रोजनिशीतून कळत नाही.

पण या दोन्हींहून मोठा प्रश्न वेगळाच आहे. वागणं खरोखर बदललं, मनापासून बदललं, आणि ते बदलणंच घातक ठरलं तर?

हे कल्पनेतलं नाही. १९७० च्या दशकापासून बांगलादेशात सरकारनं युनिसेफच्या मदतीनं एक मोठी मोहीम चालवली. तळ्याचं, नदीचं पाणी पिऊ नका, त्यानं पटकी-जुलाब होतात, जमिनीखालचं पाणी प्या. उथळ कूपनलिका आणि तिच्यावर हातपंप, आपला हापसाच. लोकांनी ऐकलं. इतकंच नव्हे, पुढे बहुसंख्य कूपनलिका लोकांनी स्वतःच्या पैशांतून घेतल्या. १९९० च्या दशकात खेड्यांतले ९० टक्क्यांहून जास्त लोक हेच पाणी पीत होते. प्रगतीच्या खुणांची शिडी लावली असती, तर ‘फारच आनंद’ ही पायरीसुद्धा ओलांडली गेली असती.

१९९३ साली त्या पाण्यात आर्सेनिक असल्याची खात्री पटली. हिमालयातून आलेल्या गाळात लोहाच्या संयुगांना चिकटून ते असतं. जमिनीखाली प्राणवायू नसलेल्या थरांत जिवाणूंच्या क्रियेमुळे ही संयुगं विरघळतात आणि आर्सेनिक पाण्यात उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २००० साली आलेल्या लेखात साडेबारा कोटी लोकसंख्येपैकी साडेतीन ते पावणेआठ कोटी लोक धोक्यात असल्याचा अंदाज दिला होता. आणि सीमेपलीकडे, कोलकात्यातले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितिशचंद्र साहा यांना पश्चिम बंगालमधल्या खेड्यांत असे रुग्ण १९८३ च्या सुमारासच सापडले होते.

दहा वर्षं! मोहिमेची नजर लोकांच्या वागण्यावर होती, आणि वागणं उत्तम चाललं होतं. तळहातावरचे घट्टे आणि छातीवरचे डाग बाहेरच्या वर्तुळात होते, ‘आस्था आहे पण हात पोहोचत नाही’ अशा ठिकाणी. बाहेरच्या वर्तुळाचं श्रेय घेऊ नका हे पुस्तकाचं म्हणणं मान्य. पण श्रेय न घेणं आणि तिकडे न पाहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुस्तक वाचून काम करणारा पहिलीवरून दुसरीकडे फार सहज घसरतो.

लेखकांच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. पुढे लाखो कूपनलिका तपासून त्यांना लाल आणि हिरवा रंग दिला गेला. आराइहाझार भागातल्या अभ्यासात, आपली कूपनलिका धोक्याची आहे हे कळलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के घरांनी वर्षभरात दुसरीकडून पाणी आणायला सुरुवात केली. उरलेल्या ४० टक्क्यांचं काय? सुरक्षित पाणी किती लांब, शेजाऱ्याच्या अंगणात पाणी भरायला जायचं तर संबंध कसे, अशा गोष्टी इथे येतात. हे समजून घ्यायला आउटकम मॅपिंगची रोजनिशी खरोखर कामाची आहे. कोणताही आकडा ते सांगणार नाही.

ओडिशातला अनुभवही असाच दोन्ही बाजूंनी बोलतो. पुरी जिल्ह्यातल्या शंभर गावांत, निम्म्या गावांना आधी शौचालयं देऊन आणि निम्म्यांना थांबवून, तुलना केली गेली. पहिल्या गटात शौचालयं ९ टक्के घरांवरून ६३ टक्के घरांपर्यंत गेली. पाच वर्षांखालच्या मुलांच्या जुलाबांत मात्र फरक पडला नाही, असं २०१४ साली प्रसिद्ध झालं. अनेक घरांत शौचालय होतं पण सगळे वापरत नव्हते. नुसतं बांधकाम मोजणाऱ्याला हे कळलं नसतं. पण जुलाब मोजलेच नसते, आणि तुलनेला दुसरी गावं नसती, तर नुसतं वागणं पाहणाऱ्यालाही पुरतं कळलं नसतं.

पुस्तक दीडशेपेक्षा कमी पानांचं आहे. घाईत असणाऱ्यांनी प्रस्तावनेनंतरचं पहिलं प्रकरण वाचावं. कल्पना त्यात आहे. पुढचे नमुना-तक्ते लांबलचक आहेत आणि बारा टप्पे जसेच्या तसे पार पाडायला एखाद्या शाळेला वर्ष पुरणार नाही. मात्र रोजनिशीच्या तक्त्यातला ‘अनपेक्षित बदल’ हा एक रकाना जरूर पाहावा. तो अरुंद आहे आणि तळाशी आहे. माझ्या वहीत मी तो पहिला घेतला आहे, पानाच्या अर्ध्या रुंदीचा, आणि त्यातली पहिली नोंद कोरड्या साबणाची आहे.