लष्कराचे खेळ आणि गाळलेले युद्ध

४ जुलै २००२ रोजी, स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त साधून, अमेरिकी लष्कराने 'अमेरिकाज आर्मी' हा व्हिडिओ गेम लोकांना फुकट खुला केला. १९९९मध्ये भरतीचे उद्दिष्ट हुकले होते. तरुण मुले पडद्यासमोर रमतात, तर लष्करानेच तिथे जावे, ही कर्नल केसी वार्डिन्स्की यांची कल्पना. माँटेरे इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत हा गेम घडला आणि मे २०२२मध्ये त्याचे सर्व्हर बंद झाले. मधल्या वीस वर्षांत लष्कराच्या पैशावर पोसलेल्या या कलेने कारागिरीत मोठी मजल मारली. मात्र गेम सैनिकासाठी असतो तेव्हा त्यात युद्धाची गुंतागुंत दिसते आणि तोच भरतीसाठी असला की युद्धाचा नेमका नकोसा भाग गळून पडतो. समीक्षेने बोट ठेवायला हवे ते याच गळतीवर.

सुरुवात साधी होती. १९९६मध्ये अमेरिकेच्या मरीन दलातल्या काही जणांनी बाजारातला 'डूम २' हा गेम घेतला, त्यातले राक्षस काढून तिथे सैनिक बसवले आणि 'मरीन डूम' तयार केला. चार जणांच्या तुकडीने एकमेकांशी बोलत, एकमेकांना संरक्षण देत, दारूगोळा जपत पुढे कसे सरकावे, एवढाच त्याचा हेतू. चित्रे ओबडधोबड होती, पण गेमने कुणाला भुलवण्याचा प्रयत्न केला नाही. पुढे चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया इंटरॅक्टिव्हच्या तंत्रावर उभी राहिलेली 'व्हीबीएस' ही सराव-प्रणाली अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियाच्या लष्करांनी स्वीकारली. तिच्यात प्रशिक्षक रस्त्यालगत बॉम्ब पेरू शकतो, गावकरी उभे करू शकतो, ऐन वेळी प्रसंग फिरवू शकतो.

'अमेरिकाज आर्मी'ची रचनाही विचारपूर्वक केलेली होती. वैद्यकीय मदतनीस व्हायचे तर वर्गात बसून प्रथमोपचाराचे धडे ऐकावे लागत, परीक्षा द्यावी लागे. आपल्याच माणसावर गोळी झाडली की खेळाडूची रवानगी थेट लेव्हनवर्थच्या तुरुंगाच्या कोठडीत. सर्वांत बोलकी युक्ती मात्र वेगळीच. दोन संघ लढत तेव्हा प्रत्येकाला आपला संघ अमेरिकी सैनिकांचा दिसे आणि समोरचा शत्रूचा. शत्रूच्या जागी उभे राहून पाहण्याची सोयच ठेवलेली नव्हती. किशोरवयीनांसाठीचे मानांकन मिळावे म्हणून रक्तही जेमतेम दाखवले जाई. शिस्त तपशीलवार आणि मरण पुसट, हा या गेमचा खरा स्वभाव.

ही पोकळी एका कलावंताने भरली. जोसेफ डीलॅप २००६ ते २०११ या काळात 'डेड-इन-इराक' या नावाने याच गेममध्ये शिरत. बंदूक खाली टाकून ते एका जागी उभे राहत आणि इराकमध्ये मारल्या गेलेल्या अमेरिकी सैनिकांची नावे, वये, मृत्यूच्या तारखा गप्पांच्या चौकटीत टाइप करत. इतर खेळाडू त्यांना गोळ्या घालत, शिव्या देत. डाव पुन्हा सुरू झाला की डीलॅप पुढचे नाव टाइप करत. गेमने जे टाळले होते, ते त्यांनी गेमच्याच जागेत आणून ठेवले.

जर्मन चित्रपटकार हारून फारोकी यांनी २००९-१०मध्ये केलेल्या 'सीरियस गेम्स' या चार भागांच्या कलाकृतीत हीच नजर आहे. त्यात मरीन सैनिक संगणकावर सराव करताना दिसतात. युद्धावरून मनाने खचून परतलेल्यांवर आभासी इराक दाखवून केल्या जाणाऱ्या उपचारांचे तंत्रही त्यात दिसते. दोन्हीकडची दृश्ये जवळपास सारखी. फारोकी यांनी एक फरक अचूक टिपला: सरावाच्या दृश्यांत वस्तूंना सावल्या आहेत, उपचाराच्या दृश्यांत नाहीत, कारण ती प्रणाली स्वस्तातली आहे. युद्धाच्या तयारीवर किती खर्च होतो आणि युद्धानंतरच्या माणसावर किती, हे याहून नेमके कोणत्या टीकालेखाने सांगितले असेल?

आता लष्कराने गेम बनवण्याऐवजी दुसऱ्यांचे गेम खेळायला सुरुवात केली आहे. २०१८मध्ये अमेरिकी लष्कराचा ई-स्पोर्ट्स संघ निघाला. २०२०मध्ये ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावरच्या त्याच्या वाहिनीवर युद्धगुन्ह्यांबद्दल विचारणाऱ्यांना बाहेर काढल्यावर मोठा वाद झाला. गेमच्या माध्यमातून होणाऱ्या अशा भरतीला पैसा देऊ नये, ही प्रतिनिधिगृहाच्या सदस्य अलेक्झांड्रिया ओकासियो-कोर्टेझ यांची दुरुस्ती तिथे फेटाळली गेली. कलेच्या दृष्टीने ही घसरणच आहे. स्वतःच्या गेममधल्या निवडींची जबाबदारी निदान लष्करावर टाकता येत होती.

आपल्याकडेही हाच प्रश्न उभा राहतो. भारतीय हवाई दलाने जुलै २०१९मध्ये 'इंडियन एअर फोर्स: अ कट अबव्ह' हा मोबाइल गेम आणला. त्यातल्या वैमानिकाच्या मिशा पाहून सर्वांना हवाई दलाचे वैमानिक अभिनंदन वर्धमान आठवले. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत अभिनंदन यांच्या वाट्याला विमान पडणे, पॅराशूटने परक्या भूमीवर उतरणे आणि कैदही आली होती. सार्वजनिक पैशावर उभ्या राहिलेल्या गेमला प्रेक्षकाने विचारावे: मिशा घेतल्या, मग त्या कैदेला तुमच्या गोष्टीत किती जागा दिली?