भिंतीपलीकडचा आवाज : सराईतील स्त्री आणि प्रवासवर्णनाची संहिता

तोकुगावाकालीन जपानमध्ये हमरस्त्यांवरील सराईत राबणाऱ्या स्त्रीला ‘मेशिमोरी ओन्ना’, म्हणजे भात वाढणारी बाई, असे म्हणत. हे नाव हीच एक संहिता आहे. देहविक्रय परवाना असलेल्या वस्त्यांपुरताच असावा, हा शासनाचा दंडक. वाटसरूंवर जगणाऱ्या गावांना मात्र ही स्त्री हवी होती. १७१८ साली शोगुनशाहीने दर सराईमागे अशा दोनच स्त्रियांची मर्यादा घातली. नावाने झाकलेली गोष्ट अशी संख्येने मान्य झाली. घरच्यांनी उचल घ्यायची आणि मुलीने मुदतीच्या कराराने ती फेडायची, हा त्यामागचा व्यवहार होता.

प्रवाससाहित्याने या स्त्रीला कसे पाहिले? जिप्पेन्शा इक्कूच्या १८०२ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘तोकाइदोचू हिझाकुरिगे’त ती प्रामुख्याने दोन उनाड प्रवाशांच्या विनोदाचे निमित्त ठरते. हिरोशिगेच्या ‘गोयु’ या चित्रात सराईतील स्त्रिया वाटसरूला बळेच आत ओढतात. त्या ओढताना दिसतात. त्यांना तेथे ओढून आणणारे कर्ज चौकटीबाहेर राहते.

या पार्श्वभूमीवर बाशोच्या ‘ओकु नो होसोमिची’तील इचिबुरीचा प्रसंग पुन्हा वाचावासा वाटतो. १६८९ च्या प्रवासातील या मुक्कामी शेजारच्या खोलीतून दोन स्त्रियांचे बोलणे कानी येते. त्या सराईतल्या नव्हेत. निइगाताच्या वारांगना, इसेच्या यात्रेला निघालेल्या. सकाळी त्या मागोमाग येऊ देण्याची विनवणी करतात. कवी नकार देतो आणि पुढे बराच काळ हळहळतो.

या हळहळीतील करुणेचा गौरव नेहमीच होतो. परंतु प्रसंगाअखेरीची कविता सोराने टिपून घेतली, असे बाशो सांगतो, आणि सोराच्या रोजनिशीत ना ती कविता आहे, ना तो प्रसंग. त्यामुळे तो कल्पित असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल, तर नकारही रचलेलाच ठरतो, आणि करुणेइतकाच तोही अर्थपूर्ण होतो. प्रवासवर्णनात चालतो तो पुरुष आणि थांबलेली असते ती स्त्री. येथे मात्र स्त्रीच वाटसरू होऊन समोर उभी राहते. संहिता तिला एका छपराखाली निवारा देते, सोबत देऊ शकत नाही. बाशोचे मोठेपण त्याच्या दयेत शोधण्यापेक्षा, ही मर्यादा त्याने लपवली नाही यात शोधणे अधिक न्याय्य ठरेल.