गेंड्यासमोर बसलेला गंगाराम

1515 च्या जानेवारीत गोव्याहून एक गेंडा जहाजावर चढवला गेला. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिलेली ती भेट. लिस्बनहून आलेले वर्णन आणि एक कच्चे रेखाटन एवढ्यावर चित्रकार ड्यूररने न्यूरेंबर्गमध्ये बसून तो काढला. अंगावर चिलखताचे पत्रे, मानेमागे एक जास्तीचे शिंग! पुढची दोनशेहून अधिक वर्षे युरोप तोच गेंडा गिरवत होता.

नोव्हेंबर 1790 मध्ये पुण्याच्या गंगाराम चिंतामण तांबटाने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा जलरंगात उतरवला. ते चित्र आज अमेरिकेत, येलच्या संग्रहात आहे. गंगारामाचे श्रेय सहसा चित्रकार जेम्स वेल्सच्या खात्यावर पडते. ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली आणि तिथे वेल्सने त्याला घडवले, असे सांगतात. पण वेल्स मुंबईत उतरला 1791 मध्ये. गेंडा त्याच्या आधीचा. समोरचे जनावर नीट पाहण्याची नजर गंगारामाकडे या स्कॉटिश गुरूच्या आधीपासून होती, हे ठासून म्हणायला हवे. (मॅलेटचा आश्रय मात्र नाकारता येणार नाही.) या चित्राचे शीर्षकही गेंडा कुणाच्या शिकारखान्यातला ते सांगते. जंगलाचा आव त्यात नाही.

एकोणिसाव्या शतकाने हा प्रामाणिकपणा सोडला, असे मला वाटते. पॅरिसच्या सरकारी प्राणिसंग्रहात चित्रकार देलाक्रवा आणि शिल्पकार बारी सोबतीने रेखाटने करत. 1829 च्या सुमारास तिथला सिंह मेला, तेव्हा दोघांनी त्याच्या कलेवराचाही अभ्यास केला. हाडे-स्नायूंची त्यांची जाण अफाट. तरी देलाक्रवाच्या सिंहशिकारीच्या चित्रांत पिंजऱ्याचा मागमूस नाही. कोंडलेले जनावर पाहायचे आणि मोकळे रंगवायचे, ही त्या काळाची रीत झाली.

मुंबईत 1857 मध्ये जे. जे. स्कूल निघाले, पण तिथल्या शिक्षणाचा भर प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटण्यावर. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या फाटकावरचे सिंह-वाघ इंग्लंडच्या थॉमस अर्पच्या नावावर आहेत. भिंतींवरची माकडे, मोर, खारी जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी कोरली. माझे मत विचाराल तर जीव त्या खारींत जास्त आहे.

आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत वाघ काचेपलीकडे दिसतो. स्केचबुक घेऊन आलेल्या मुलांच्या झरझर ओढलेल्या रेषा पाहाव्यात. येरझाऱ्या घालणारा वाघ, तीच वळणे, तीच खाली गेलेली मान. घरी जाऊन रंगवलेल्या चित्रात मात्र गवत उगवते, तळे येते आणि वाघ डरकाळी फोडतो. चित्रस्पर्धांच्या परीक्षकांना हेच आवडते, ही खरी अडचण.

नवी मुंबईतल्या कामोठ्यासारख्या ठिकाणी तर मुले वाघ काढतात तो मोबाइलवरच्या फोटोवरून, म्हणजे पुन्हा ड्यूररच्याच वाटेने. तिथल्या मानसरोवर स्थानकातून हार्बर लोकल धरून कुर्ल्याला गाडी बदलली की भायखळा फार लांब नाही. क्लासवाल्यांनी पोरांना न्यावे. फक्त बुधवार टाळावा, त्या दिवशी बाग बंद असते.