पत्राने धर्मसेवा शिकता येते का?

तुमसरच्या एखाद्या संसारी, नोकरदार कॅथलिक माणसाला धर्मसेवेची पदवी घ्यायची आहे. ज्ञानदीप विद्यापीठ पुण्यात, राज्याच्या दुसऱ्या टोकाला. तेव्हा दूरशिक्षणच उरतं. त्याला मी कमी लेखणार नाही. अहो, संत पौलाने करिंथ आणि रोमच्या मंडळींना पत्रांतूनच शिकवलं!

पण ती पत्रं एकेकट्याने वाचायची नव्हती. जमलेल्या मंडळीसमोर ती मोठ्याने वाचली जात. आणि रोमकरांना लिहिताना पौल भेटीची ओढही बोलून दाखवतो.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली धर्मगुरूच्या घडणीची चार अंगं सांगितली: मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि सेवेचं. ही कसोटी संसारी सेवकालाही लावून बघा. मोबाइलवर बौद्धिक अंग पोहोचतं. पण मरणाऱ्याच्या उशाशी कसं बसावं, हे स्वाध्यायाच्या वहीत कसं येणार?

खरी अडचण आहे ती एकट्याने शिकण्याची. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, तेही ओवीत, म्हणजे लोकांना ऐकवण्यासाठी. आपल्याकडे धर्मविचार असा चारचौघांत आला.

म्हणून माझी सूचना साधी आहे. विद्यार्थ्याने प्रत्येक धडा रविवारी मिस्सा संपल्यावर गावातल्या चार माणसांना मराठीत समजावून सांगावा, त्यांच्या शंका ऐकाव्यात, आणि गुण त्याचे द्यावेत. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवून मला एवढंच कळलंय: कुणी उलटा प्रश्न विचारेपर्यंत आपल्याला काय आलं, ते आपल्यालाही ठाऊक नसतं.