फादर स्टीफन्स यांचा वंशवृक्ष : नाव जुळलं, पण नातं जुळलं का?

आपल्या मंडळाच्या मागच्या बैठकीत एका ज्येष्ठ स्नेह्यांनी फादर थॉमस स्टीफन्स यांचा वंशवृक्ष मांडला. ‘क्रिस्तपुराण’ लिहिणाऱ्या या इंग्रज पाद्र्याचे आईवडील, आजोबा, पणजोबा, एक धाकटा भाऊ, असा चार पिढ्यांचा सुबक तक्ता होता. मुख्य आधार एकच : इंग्लंडमधल्या एका पॅरिशच्या, म्हणजे गोव्यात ज्याला फिर्गज म्हणतात तिच्या, बाप्तिस्म्याच्या वहीतली एक ओळ. ‘थॉमस, थॉमस स्टीफन्सचा मुलगा’, साल १५४९ च्या आसपासचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. येत्या प्रदर्शनात हा तक्ता मोठा करून लावायचा असंही तिथल्या तिथे ठरलं.

घरी आल्यावर मात्र चैन पडेना. मी धंद्याने स्थापत्य अभियंता. उमेदीची वर्षं पूल आणि बंधारे बांधण्यात गेली. नकाशा कितीही देखणा असला तरी आधी बोअर घेऊन खाली खडक आहे की मुरूम ते बघायचं, ही सवय हाडात भिनलेली. या तक्त्याच्या खाली काय लागतं ते बघावं म्हणून बसलो, त्यातून हा लेख झाला. स्नेह्यांना तो आधी वाचून दाखवला आहे. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. वाद आहे तो पद्धतीशी.

पक्कं काय आहे?

स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ चा, विल्टशर परगण्यातल्या बुश्टन गावचा. हे गाव क्लिफ पायपर्ड या पॅरिशमध्ये आणि सॉल्झबरीच्या धर्मप्रांतात येतं. १५७५ मध्ये रोमला ते येशू संघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला पोचले. १० नोव्हेंबरला त्यांनी वडिलांना लांबलचक पत्र लिहिलं. रिचर्ड हॅक्लूट यांनी १५८९ मध्ये आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात ते छापलं, आणि त्याच्या मथळ्यातच वडिलांचं नाव आहे : थॉमस स्टीव्हन्स. हे वडील लंडनचे व्यापारी. २४ ऑक्टोबर १५८३ रोजी लिहिलेलं दुसरं पत्र भावाला आहे. भावाचं नाव रिचर्ड. आपल्याकडच्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, हे स्टीफन्स यांनी नोंदवलं ते याच पत्रात.

म्हणजे वडिलांचं नाव, भावाचं नाव, गाव आणि जन्माचं अंदाजे साल एवढं हाती आहे. कुठलाही वंशवृक्ष या चार खुंट्यांवर बसला पाहिजे.

वह्या कधी सुरू झाल्या?

इंग्लंडमध्ये प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी, असा हुकूम टॉमस क्रॉमवेलने सप्टेंबर १५३८ मध्ये काढला. दर रविवारी चर्चच्या विश्वस्तांसमोर नोंद करायची. वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची, एक किल्ली पाद्र्याकडे आणि दुसरी विश्वस्तांकडे. चूक झाली तर तीन शिलिंग चार पेन्स दंड. लोकांना वाटलं, आता जन्म-मरणावरही कर बसणार.

आता आपला तक्ता बघा. मुलगा १५४९ चा, तर वडील साधारण १५२५ च्या आधीचे आणि आजोबा १५०० च्या सुमाराचे. वह्या सुरू झाल्या १५३८ ला. मग वडिलांच्या आणि आजोबांच्या नावापुढे बाप्तिस्म्याची जी सालं छापली आहेत ती आली कुठून? पॅरिशच्या वहीतून तर नक्कीच नाही, कारण वहीच नव्हती. कुणीतरी वीस-पंचवीस वर्षांची एक पिढी धरून मागे मोजत गेलं आणि ‘सुमारे’ हा शब्द वाटेत गळला. चार पिढ्यांतल्या तीन इथेच अधांतरी होतात. उरतो फक्त मुलगा.

मुलाच्या ओळीबाबतही काही गोष्टी तपासाव्या लागतात. सुरुवातीच्या बऱ्याच वह्या साध्या कागदावर होत्या. १५९८ मध्ये हुकूम निघाला की सगळं चामड्यावर उतरवून काढा, विशेषतः एलिझाबेथ राणी गादीवर आली त्या १५५८ पासूनचं. साहजिकच अनेक ठिकाणी नक्कल करणाऱ्याने १५५८ पासूनच सुरुवात केली आणि त्याआधीचे कागद गेले. म्हणून १५४९ ची ओळ समोर आली की पहिला प्रश्न हा : ही मूळ नोंद की पन्नास वर्षांनी केलेली नक्कल? नक्कल असेल तर उतरवताना काय सुटलं, काय चुकलं?

दुसरं, वहीत तारीख असते ती बाप्तिस्म्याची, जन्माची नव्हे. शिवाय १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. वहीतला फेब्रुवारी १५४९ म्हणजे आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १५५०. या एका गोष्टीने अनेकांचे तक्ते एक वर्षाने घसरलेले आहेत.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं : ज्या पोराचा बाप्तिस्मा सापडला ते जगलं का? त्या काळी मुलं फार दगावत. बाप्तिस्म्याची ओळ मिळाली की त्याच वहीतली दफनाची पानं पुढची काही वर्षं चाळायलाच हवीत. तिथे तेच नाव आलं, तर आपला माणूस हा नव्हे. हे काम कंटाळवाणं असतं आणि सापडलेलं पुन्हा हरवण्याची भीती असते, म्हणून ते टाळलं जातं. आपल्या तक्त्यात दफनाच्या वहीचा उल्लेखही नाही.

चौथं, सुरुवातीच्या नोंदींत बहुधा बापाचंच नाव असतं, आईचं नसतं. तक्त्यात मात्र आई नावासकट हजर आहे. ती दुसऱ्या एका लग्नाच्या नोंदीतून आली. पण त्या लग्नातला थॉमस स्टीफन्स आणि बाप्तिस्म्यातला थॉमस स्टीफन्स हा एकच माणूस, हे कुणी दाखवलं? थॉमस हे तेव्हा आपल्याकडच्या गणपत-रामासारखं घरोघरचं नाव. आणि मुख्य म्हणजे, ही वही विल्टशरची नाहीच, दुसऱ्याच परगण्याची आहे.

धाकटा भाऊ कुणाचा?

तक्त्यातला धाकटा भाऊ बघून मी सर्वांत जास्त थबकलो. स्नेह्यांनी मूळ ओळीची प्रत दाखवली. त्या मुलाच्या नोंदीत आईचं नाव आहे, तो लग्नाबाहेरचा असल्याचा शब्द आहे, आणि पुढे ‘बाप म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो थॉमस स्टीफन्स’ अशा अर्थाचा मजकूर आहे. तक्त्यात यातलं सगळं पुसलं जाऊन नुसता ‘भाऊ’ उरला.

इंग्लंडच्या जुन्या वह्यांत अशा नोंदी भरपूर. कुठे लॅटिनमध्ये ‘लोकांचा मुलगा’ असं लिहितात, कुठे फक्त आईचं नाव, कुठे बोलवा असलेला बाप. हे लिहिण्यामागे नीतीइतकाच पैशाचाही प्रश्न होता. बाप पुढे आला नाही तर पोराला पोसायचा बोजा पॅरिशवर. १५७६ च्या कायद्याने न्यायाधीशांना बापाकडून खर्च वसूल करायचा अधिकार दिला, आणि १६०१ च्या गरिबांच्या कायद्यानंतर पॅरिशचे अधिकारी बापाचा माग काढण्यात आणखी तत्पर झाले. आईची जबानी आणि बापाने पॅरिशला लिहून दिलेले हमीचे रोखे पुढच्या काळात पेट्या भरभरून साठले. अनिश्चित पितृत्वाचा शोध घेणाऱ्याला बाप्तिस्म्याच्या ओळीपेक्षा हे कागद जास्त उपयोगी पडतात. पण तिथेही बाप म्हणजे आईने सांगितलेला आणि अधिकाऱ्यांनी मान्य केलेला माणूस. म्हणून ‘बाप म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं’ हे शब्द पुसायचा अधिकार आपल्याला नाही. लिहिणाऱ्याने ते मुद्दाम लिहिलेले आहेत.

आणि ज्या भावाला पत्र गेलं, तो रिचर्ड? तक्त्यात त्याचं नावच नाही. खात्रीचा एकमेव भाऊ गायब आणि संशयाचा भाऊ हजर, असा हा वृक्ष आहे.

आपल्याकडचा अनुभव

हे लिहायचा मला काही खास अधिकार आहे असं नाही. आमच्याच घराण्याची वंशावळ करताना मी हेच केलं होतं. नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वहीत पणजोबांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव जुळलं, आडनाव जुळलं, मी पेढे वाटले. दोन वर्षांनी लक्षात आलं की आजोबांचं नाव नातवाला ठेवायच्या रिवाजामुळे दोन चुलतभावांकडे तीच नावं आलटून पालटून येत होती. मी दुसऱ्या घराच्या फांदीवर चढून बसलो होतो. काकूंनी विचारलं, “मग आपली फांदी कुठली रे?” मला उत्तर देता आलं नाही.

गोव्यात तर नावावर भिस्त ठेवणं आणखी धोक्याचं. धर्मांतराच्या वेळी नवख्रिस्ती माणसाला बऱ्याचदा धर्मपित्याचं आडनाव मिळे, त्यामुळे रक्ताचं नातं नसताना आडनाव एक. खुद्द स्टीफन्स यांचंच बघा. पोर्तुगीज कागदांत ते ‘एस्तेव्हांव’ होतात. काही जुन्या कोशांत जन्मगावाचंच आडनाव होऊन ते ‘बस्टन’ म्हणून सापडतात.

मग भिंतीवर काय लावायचं?

हाच प्रश्न स्नेह्यांनी मला विचारला, जरा नाराजीनेच. माझं म्हणणं असं, की वडिलांचं पत्र लावू. लिस्बनहून निघालेली पाच जहाजं, आफ्रिकेला घातलेला वळसा, दीडशेहून जास्त आजारी आणि त्यांतले सत्तावीस दगावलेले, गोव्यातलं माडाचं पेय, हे सगळं मुलगा बापाला कळवतो आहे. गोव्याला पोचून तीन आठवडेही झाले नव्हते. रायतूरच्या छापखान्यात १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं, त्याच्या सदतीस वर्षं आधीचं हे पत्र. चुकीच्या परगण्यातला चुकीचा थॉमस भिंतीवर चढवला, तर ज्याच्यासाठी हे लिहिलं तो खरा बाप आपण आपल्या हाताने खाली उतरवतो. मराठीत सुमारे अकरा हजार ओव्या लिहिणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे आपल्याकडून होऊ नये.

शोध थांबवा असं मी म्हणत नाही. वडील व्यापारी, म्हणजे मृत्युपत्र, लंडनच्या व्यापारी संघांतली उमेदवारी आणि सभासदत्वाच्या नोंदी या दिशेने जायला हवं. रिचर्ड आणि थॉमस ही दोन्ही मुलं एकाच कागदावर भेटली, तर तो दुवा पक्का. विल्टशरच्या पॅरिशांच्या वह्या आता चिपनमच्या अभिलेखागारात आहेत, तिथूनच सुरुवात व्हावी.

स्नेह्यांनी शेवटी तक्ता गुंडाळून ठेवला आणि म्हणाले, “ठीक आहे, पण मृत्युपत्र मी शोधणार, तुम्ही नाही.” तसं ठरलं आहे. या लेखात काही चुकलं असेल तर जाणकारांनी आधारासकट कळवावं, दुरुस्ती इथेच देऊ.